गोवा पावडर, सोरायसिस आणि जेल

सन १८७६. लंडनमधील त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांच्याकडे एक रोगी आला. त्याच्या अंगावर सोरायसिसचे जुने चट्टे होते. परंतु हा नायटा आहे अशा समजुतीने त्यावर नायट्याचे औषध लावले गेले होते. निदान चुकीचे, औषधही चुकीचे; आणि तरीही चट्टे ओसरले होते! त्वचारोगशास्त्राच्या इतिहासात ही हकिगत नेहमी सांगितली जाते. आम्हांला ती विशेष जवळची वाटते, कारण त्या औषधाचे नाव होते 'गोवा पावडर'.

नाव गोव्याचे असले तरी झाड गोव्याचे नव्हे. ब्राझीलमधील बाहिया प्रांताच्या दमट जंगलात अरारोबा नावाचा शेंगवर्गीय वृक्ष वाढतो. त्याच्या खोडातील भेगांत आणि पोकळ्यांत एक पिवळी पूड साठते. झाड तोडायचे, खोड फोडायचे आणि पूड खरवडून काढायची. हवा लागली की ती हळूहळू काळपट होते. (हा काळेपणा लक्षात ठेवावा; पुढे सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरणार आहे.) पोर्तुगीज जहाजांतून ब्राझीलचा काजू जसा गोव्यात आला, तशीच ही पूडही आली आणि नायटा-गजकर्णावरचा उपाय म्हणून हिंदुस्थानात विकली जाऊ लागली. मुंबईतील औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी १८६४ साली इंग्लंडमधील औषधशास्त्रज्ञांचे लक्ष तिच्याकडे वेधले. दहा वर्षांनी कलकत्त्याचे शल्यवैद्य जोसेफ फेरर यांनी तिच्याविषयी लिहिले. ते वाचून बाहियाच्या डॉ. दा सिल्व्हा लिमा यांनी ओळखले की ही गोव्याची पूड म्हणजे आपल्याकडचीच अरारोबा! अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून गेलेल्या औषधाची जन्मभूमी अशी उघड झाली.

पुडीतील कार्यकारी द्रव्य कोणते? अ‍ॅटफील्ड यांनी १८७५ मध्ये तिचे पृथक्करण केले आणि तिच्यात मुख्यतः क्रायसोफॅनिक आम्ल आहे असे सांगितले. लीबरमान आणि सायडलर यांनी १८७८ मध्ये ही चूक दुरुस्त केली. मूळ द्रव्य वेगळे असून हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाल्यावर त्याचे क्रायसोफॅनिक आम्ल बनते, असे त्यांनी दाखवले. त्या मूळ द्रव्याला क्रायसॅरोबिन हे नाव मिळाले. पहिले महायुद्ध सुरू झाले, जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेनासा झाला आणि बायर कंपनीच्या रसायनज्ञांनी क्रायसॅरोबिनसारखेच, फक्त एक मिथिल गट कमी असलेले, संयुग कारखान्यात तयार केले. ड्रेस्डेनचे गालेव्स्की व हँबुर्गचे उना यांनी १९१६ साली ते सोरायसिसच्या रोग्यांवर वापरून पाहिले. आज आपण त्याला डायथ्रॅनॉल म्हणतो.

इथवरची गोष्ट औषधाच्या रेणूची झाली. पाठ्यपुस्तके सहसा येथेच थांबतात. पण सोरायसिसच्या रोग्याच्या दृष्टीने अडचणी येथून पुढे सुरू होतात.

सोरायसिसमध्ये काय होते ते थोडक्यात पाहू. निरोगी त्वचेत तळाशी तयार झालेली पेशी वर सरकत सरकत पृष्ठभागी येऊन गळून पडायला साधारण महिनाभर लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास आठवड्याच्या आत उरकतो. अर्धवट तयार झालेल्या पेशींचे चंदेरी पापुद्रे साचतात आणि खाली रक्तवाहिन्या फुगून लाल दाह दिसतो. डायथ्रॅनॉल ही धावपळ मंदावते. परंतु ते काम करते ते त्वचेत ऑक्सिडीभवन होता होता, आणि त्याच क्रियेत निरोगी त्वचा भाजते आणि कपडे, चादरी, न्हाणीघरातील फरशी यांवर जांभळट तपकिरी डाग पडतात. शिवाय बरणीत असतानाच ही क्रिया झाली तर औषध वाया जाते. म्हणजे जी क्रिया चट्ट्यात व्हायला हवी, तीच बरणीत व्हायला नको आणि शेजारच्या निरोगी त्वचेवरही नको. हे सांभाळणे रेणूच्या हातात नाही. ते औषध ज्यात कालवलेले असते त्या आधारद्रव्याच्या हातात आहे.

आधारद्रव्याचा विचार जुना आहे. आपल्याकडे तूप तांब्याच्या पात्रात पाण्याने शंभर वेळा धुऊन शतधौत घृत करतात. धुता धुता तूप पांढरे, हलके आणि लोण्यासारखे होते, कारण पाणी त्यात बारीक थेंबांच्या रूपाने सामावते. गेलनच्या नावाने ओळखले जाणारे थंड मलम म्हणजे मेण, तेल आणि पाणी यांचा असाच मेळ. एकोणिसाव्या शतकात चेसब्रो यांनी १८७२ साली व्हॅसलीनचे पेटंट घेतले आणि न खवटणारा स्निग्ध पदार्थ मिळाला. तोपर्यंत डुकराची चरबी वापरत, जी थोड्या दिवसांत वास मारू लागे.

डायथ्रॅनॉलला मात्र उपयोगी पडली ती बर्लिनच्या ओस्कार लासार यांची घट्ट पेस्ट. अर्धे व्हॅसलीन, उरलेल्यात निम्मे निम्मे झिंक ऑक्साइड व पिष्ट, आणि शेकडा दोन भाग सॅलिसिलिक आम्ल. घट्टपणामुळे ती लावलेल्या जागेवरून ओघळत नाही, त्यामुळे भोवतालची त्वचा वाचते. झिंक ऑक्साइड मात्र डायथ्रॅनॉलचा नाश घडवते. मग ही पेस्ट टिकली कशी? त्या दोन टक्के सॅलिसिलिक आम्लामुळे. खरे तर ते पापुद्रे सुटावेत म्हणून घातलेले होते, पण डायथ्रॅनॉलचे रक्षणही तेच करत होते. लीड्सचे डॉ. इनग्रॅम यांनी १९५३ साली डांबराच्या अर्काचे स्नान, अतिनील किरण आणि ही पेस्ट असा क्रम घालून दिला आणि तो अनेक दशके रुग्णालयांत चालला. रुग्णालयांत म्हणण्याचे कारण असे की, ही पेस्ट लावून, वर पट्ट्या गुंडाळून चोवीस तास राहणे घरी कोणाला जमणार? औषध गुणकारी होते, पण ते घेऊन शाळेत किंवा कचेरीत जाता येत नव्हते.

आता वाट अडवणाऱ्या भिंतीकडे वळू. त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा, मृत पेशींचा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांमधील स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना, अशी ही भिंत. पाणी बाहेर जाऊ नये आणि परके पदार्थ आत येऊ नयेत यासाठीच ती आहे. औषध तिच्या लेखी परकेच. औषध तिच्यातून जाते ते केवळ विसरणाने. विसरणाचा नियम आडोल्फ फिक यांनी १८५५ मध्येच सांगितला होता, पण मलमाला तो कसा लागू करायचा हे कळायला शंभर वर्षे जावी लागली. मलमात विरघळलेल्या आणि न विरघळलेल्या औषधाचे गणित ताकेरू हिगुची या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६१ साली मांडले. मलमात स्फटिकरूपाने पसरलेले औषध बाहेर पडते ते काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे दुप्पट औषध बाहेर यायला चौपट वेळ लागतो. त्या सूत्रापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यामागचा विचार: औषध मलम सोडून त्वचेत जायला किती उत्सुक आहे, हे त्याच्या शेकडेवारीवर नव्हे, तर ते मलमात किती 'आरामात' आहे यावर ठरते.

वर्गात सांगताना आम्ही एसटीचे उदाहरण देतो. गाडी रिकामी असेल तर उतारू पाय पसरून झोपतो, त्याला उतरायची घाई नसते. तीच गाडी खच्चून भरली असेल तर थांबा आला की माणसे आपोआप दाराबाहेर पडतात. मलम म्हणजे गाडी आणि औषध म्हणजे उतारू. द्रावण संपृक्त असेल, म्हणजे गाडी जेमतेम सामावेल इतकीच भरलेली असेल, तेव्हा औषध सर्वांत वेगाने बाहेर पडते. विद्रावक उदारपणे वाढवला तर औषध त्यातच सुखाने राहते.

हे नुसते उदाहरण नाही. १९६८ साली पोल्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लुओसिनोलोन या स्टिरॉइडवर ते मोजून दाखवले. पाणी व प्रॉपिलीन ग्लायकॉल यांच्या मिश्रणात ग्लायकॉलचे प्रमाण बदलत नेले. औषध पूर्ण विरघळायला जेवढे ग्लायकॉल पुरेसे होते, तेवढ्यावर औषध सर्वाधिक बाहेर पडले. त्याहून कमी घातले तर औषध स्फटिकांत अडकून राहते, जास्त घातले तर द्रावणात रमते. औषध तेवढेच, परिणाम मात्र वेगळा!

स्टिरॉइडचा उल्लेख आला आहे तर त्याची पार्श्वभूमी सांगायला हवी. संधिवातावर कॉर्टिसोनचा चमत्कार १९४९ मध्ये जगाने पाहिला. साहजिकच ते त्वचेच्या दाहावर लावून पाहिले गेले आणि निराशा झाली. कॉर्टिसोन शरीरात, विशेषतः यकृतात, हायड्रोकॉर्टिसोन बनल्यावरच काम करते. त्वचेत हे रूपांतर पुरेसे होत नाही. सुल्झबर्गर आणि विटेन यांनी १९५२ साली थेट हायड्रोकॉर्टिसोनच मलमात घातले आणि इसबाचा दाह शमला. त्यानंतर दरवर्षी नवी, अधिक जोरदार स्टिरॉइडे येऊ लागली. त्यांची तुलना कशी करायची? रोग्यांवर महिनोन्‌महिने चाचण्या करणे अवघड. १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी याला फार साधे उत्तर शोधले. निरोगी स्वयंसेवकांच्या हाताच्या आतल्या बाजूस स्टिरॉइडचे द्रावण लावायचे, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळायचा आणि दुसऱ्या दिवशी पाहायचे. जेथे औषध आत पोचले, तेथे बारीक रक्तवाहिन्या आकुंचित होऊन त्वचा पांढरी पडते. भिंतीपलीकडे औषध पोचले की नाही हे त्वचाच सांगते! याच कसोटीने पुढे एकच औषध निरनिराळ्या आधारद्रव्यांतून तपासले गेले, आणि आधारद्रव्य बदलले की औषधाचा जोर बदलतो हे उघड झाले. आमच्या मते त्वचेच्या औषधांच्या इतिहासातील हा सर्वांत सुंदर प्रयोग आहे. यंत्र नाही, खर्च नाही, फक्त नीट विचारलेला प्रश्न.

भिंत सगळीकडे सारखी नसते हेही कळले. फेल्डमन आणि मेबॅख यांनी १९६७ साली किरणोत्सारी अणू जोडलेले हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावले आणि मूत्रातून किती बाहेर पडते ते मोजले. हाताच्या आतल्या बाजूतून शोषले जाणारे प्रमाण १ धरले, तर तळपायातून ते सुमारे ०.१४, कपाळातून ६ आणि वृषणकोषाच्या त्वचेतून ४२ इतके होते. हा ४२चा आकडा पुढे पुन्हा लागेल.

आता जेलविषयी. 'जेल' हा शब्द थॉमस ग्रॅहम यांनी १८६०च्या दशकात कलिलांचा अभ्यास करताना जिलेटिनवरून घेतला. जेलमध्ये द्रवच फार असतो, फक्त लांब रेणूंच्या जाळ्यात तो अडकलेला असतो. औषधांच्या जेलला खरी चालना मिळाली ती कार्बोमरमुळे. बी. एफ. गुडरिच या अमेरिकी टायर कंपनीच्या प्रयोगशाळेतील हे बहुवारिक असून त्याचे पेटंट १९५७ सालचे आहे. अ‍ॅक्रिलिक आम्लाच्या लांब साखळ्या, मधूनमधून एकमेकींना जोडलेल्या. पाण्यात टाकल्या की या साखळ्या गुंडाळलेल्या दोऱ्यासारख्या पडून राहतात आणि द्रावण आम्लधर्मी व पातळ असते. त्यात थोडा अल्कली घालून सामू सातच्या आसपास आणला की साखळीवरील कार्बॉक्सिल गटांवर ऋण प्रभार येतो, सारखे प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, साखळ्या उलगडून ताणल्या जातात आणि पाहता पाहता पाण्याची पारदर्शक जेली होते. शंभर ग्रॅम पाण्याला अर्धा ग्रॅम कार्बोमर पुरते.

हे वर्गात दाखवता येते. केसांना लावण्याचे पारदर्शक जेल आणावे. वेष्टनावरील घटकांत कार्बोमर आहे याची खात्री करावी. चमचाभर जेल बशीत घेऊन त्यावर चिमूटभर मीठ टाकावे व काडीने ढवळावे. काही क्षणांत जेलचे पाणी होते. मिठातील सोडियमचे धन आयन साखळीवरील ऋण प्रभारांना झाकतात, परस्परांना ढकलणे थांबते आणि साखळ्या पुन्हा गुंडाळल्या जातात. आम्ही हा धडा महाग किमतीला शिकलो. एका दाहशामक औषधाचा सोडियम क्षार जेलमध्ये मिसळून रात्री बरण्या भरून ठेवल्या. सकाळी येऊन पाहतो तो सगळ्या बरण्यांत सरबत! औषधाचा क्षार हाही मिठासारखाच क्षार आहे, हे इतक्या पदव्या मिळवूनही कोणाच्या ध्यानात आले नव्हते. असो. पण याच गुणाचा उपयोगही होतो. घामातील मिठामुळे जेल त्वचेवर लावताच पातळ होऊन पसरते, आणि मागे चिकट थर राहत नाही.

सोरायसिसमध्ये डोक्याची त्वचा फार वेळा सापडते. केसांत लासारची पेस्ट लावून पाहा म्हणजे जेलचे महत्त्व कळेल! स्टिरॉइडांची जेले आली. व्हिटॅमिन अ गटातील टॅझॅरोटीन १९९७ मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी मान्य झाले तेही जेलच्या रूपात. पण पाण्यात न टिकणाऱ्या औषधांचे काय? कॅल्सिपोट्रायॉल हे व्हिटॅमिन ड गटातील औषध आणि बीटामेथासोन हे स्टिरॉइड, ही जोडी सोरायसिसवर चांगली. परंतु पहिल्याला अल्कधर्मी वातावरण मानवते, दुसऱ्याला आम्लधर्मी. पाण्याच्या जेलमध्ये दोघांना एकत्र नांदवणे शक्य नाही. मग पाणीच काढून टाकले तर? पाणी नसेल तर सामूचे भांडणच उरत नाही. २००८च्या सुमारास युरोप-अमेरिकेत आलेल्या या जोडीच्या जेलमध्ये खनिज तेल आहे, आणि त्याला घट्ट करते ते हायड्रोजन जोडलेले एरंडेल. जेल म्हटले की पाणी, ही आपली समजूत येथे मोडते.

आणि डायथ्रॅनॉल? त्याचीही दोन मार्गांनी सुटका झाली. १९८० साली शेफर, फार्बर व सहकाऱ्यांनी दाखवले की चट्ट्याच्या मोडक्या भिंतीतून हे औषध निरोगी त्वचेपेक्षा फार लवकर आत शिरते. तेव्हा चोवीस तास कशाला? थोडा वेळ लावून धुऊन टाकले की चट्ट्याला पुरेसे मिळते आणि शेजारची त्वचा भाजत नाही. दुसरा मार्ग आधारद्रव्याचा. १९९०च्या दशकात डायथ्रॅनॉल मोनोग्लिसराइडांच्या स्फटिकांत बंदिस्त केलेले मलम आले. बरणीत स्फटिक घट्ट असतात, ऑक्सिजनपासून औषध सुरक्षित राहते. त्वचेच्या उबेने ते वितळतात आणि औषध मोकळे होते. धुताना मात्र गार किंवा जेमतेम कोमट पाणीच घ्यायचे, नाहीतर उरलेले स्फटिक गरम पाण्यात वितळून न्हाणीघरात पुन्हा तेच जांभळे डाग! खोडातील भेगांत काळी पडणारी ती पूड येथे अखेर ताब्यात आली.

आता पुन्हा नायट्याकडे. स्क्वायर यांच्या रोग्याने दाहाच्या रोगावर नायट्याचे औषध लावले आणि त्याचे भले झाले. गेल्या काही दशकांत आपल्याकडे नेमके उलट चालले आहे. नायट्यावर दाहाचे औषध, म्हणजे जोरदार स्टिरॉइड, लावले जाते. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेल्या नळ्या दुकानातून सहज आणल्या जातात. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, कारण दाह शमतो. पण दाह हा शरीराचा बुरशीविरुद्धचा प्रतिकार असतो. तो शमला की बुरशी निर्वेध पसरते. गोल कडा पुसट होतात, नायटा नायट्यासारखा दिसतच नाही. आइव्ह आणि मार्क्स यांनी १९६८ मध्येच या रूपाला 'ओळख लपवलेला नायटा' अशा अर्थाचे नाव दिले होते. त्यात नायटा बहुधा जांघेत होतो, आणि तेथून औषध किती शोषले जाते याची कल्पना यावी म्हणून तो ४२चा आकडा शेजारच्याच त्वचेचा आहे. त्वचा पातळ होते, कायमचे पांढरट पट्टे पडतात. चेहऱ्यावरही तेच. भारतातील अनेक केंद्रांत झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रोग्यांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत असल्याचे आढळले. त्यांतील कित्येकांना ती गोरे होण्याची क्रीम वाटत होती. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे अनुसूची 'एच'मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत, घातली. पण घरातील कपाटात पडलेल्या जुन्या नळीला चिठ्ठी लागत नाही.

वसतिगृहात एकाची नळी दहा जण वापरतात, हे शिक्षकांनी पाहिलेले असते. अशी नळी हाती आली तर वेष्टनावरील बारीक अक्षरे मुलांकडून वाचून घ्यावीत: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यांपैकी एखादे नाव दिसले आणि अंगावरचा चट्टा कडेने वाढत, मध्ये निवळत चाललेला असेल, तर ती नळी बाजूला ठेवून मुलाला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. तपासणीसाठी चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे धागे असतील तर ते पाच-दहा मिनिटांत दिसतात.